आधी पासिंग बघा, मग गाडी

प्रश्न विचारणारे गृहस्थ खानापूर तालुक्यातल्या जांबोटी भागातले. नोकरी बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यात, रोजचं जाणं-येणं दुचाकीनं. घरात आई आहे, तिला महिन्यातून दोनदा बेळगावला दवाखान्यात न्यावं लागतं. दोन मुलं आहेत, बहीण गोव्यात दिलेली आहे. हातात ३ लाख रुपये साठलेत. समोर दोन गाड्या आहेत. एक नवी छोटी पेट्रोल गाडी, सगळं धरून साडेआठ लाखांची, म्हणजे साडेपाच लाखांचं कर्ज. दुसरी मार्च २०१९ ची डिझेल, जरा उंच, दिसायला भारदस्त, कोल्हापूरच्या एका जुन्या गाड्यांच्या यार्डात उभी असलेली, एमएच-०९ पासिंगची, सव्वापाच लाखांना. नवी घेऊ की जुनी, असं त्यांनी विचारलंय.

बेळगावात गॅरेज चालवायला लागून मला २८ वर्षं झाली. "मामा, गाडी बघालोय, जरा येऊन बघता काय?" असं विचारणारा आठवड्याला एक तरी येतोच. म्हणून उत्तर आधी सांगतो. या दोन्हीतली एकही घेऊ नका. जुनीच घ्या, पण केए-२२ म्हणजे बेळगाव पासिंगची, पेट्रोल, जुलै २०१९ नंतर बनलेली, आणि जिच्या मालकाच्या दारात जाऊन तुम्हाला चहा घेता येईल अशी.

पासिंगपासून सुरुवात करतो, कारण आपल्या भागात माणसं इथंच फसतात. पुण्यातल्या माणसाला नवी की जुनी एवढाच प्रश्न असतो. आपल्याला तिसरा प्रश्न चिकटलेला आहे: कुठल्या राज्यातली? कोल्हापूर दोन तासांवर, चंदगड त्याहून जवळ, चोर्ला उतरला की गोवा. पाहुणे सगळीकडे. त्यामुळे तिकडची गाडी आपल्याला परकी वाटतच नाही. ती तिकडे स्वस्त का दिसते, हे मात्र कुणी बघत नाही.

कर्नाटकात गाडीचा लाइफटाइम टॅक्स देशातल्या सगळ्यात जड टॅक्सांपैकी आहे. ५ लाखांपर्यंतच्या गाडीला १३ टक्के, ५ ते १० लाखांना १४ टक्के, १० ते २० लाखांना १७ टक्के, त्यापुढे १८ टक्के. शिवाय त्या टॅक्सवर ११ टक्के सेस. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के आणि डिझेलला १३ टक्के आहेत. गोव्याचा दरही आपल्यापेक्षा कमी. म्हणजे ७ लाखांची गाडी आपल्याकडे घेतली, तर टॅक्स आणि सेस मिळून १ लाख ८ हजारांच्या वर जातात. हे पैसे पहिल्या मालकानं भरलेले असतात आणि केए पासिंगच्या जुन्या गाडीबरोबर ते तुमच्याकडे येतात. एमएच गाडीबरोबर येत नाहीत. ती गाडी आपल्याकडे आणून नंबर बदलायचा तर कर्नाटकाचा टॅक्स नव्यानं भरावा लागतो. गाडीच्या वयाप्रमाणे तो कमी होतो, पण हिशेब मूळ किमतीवरून होतो, तुम्ही यार्डात दिलेल्या किमतीवरून नाही. तुमच्या त्या डिझेल गाडीची नवेपणीची किंमत साडेनऊ लाखांच्या आसपास असेल. सात वर्षं झाली तरी टॅक्ससाठी लाखाच्या आसपास धरून चला. त्यात कोल्हापूरहून एनओसी (ना हरकत दाखला) काढणं, एजंट, नव्या नंबरच्या पाट्या, चार हेलपाटे आणि बुडालेली हजेरी धरा. सव्वापाच लाखांची गाडी सव्वासहाच्या पुढे जाते. महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो, पण तो अर्ज, ते कागद, तो पाठपुरावा करून पैसे हातात पडलेली माणसं माझ्या पाहण्यात फार थोडी आहेत. ते पैसे हिशेबात धरू नका.

"नंबर बदलायचाच कशाला, आहे तसाच ठेवू" हेही मी रोज ऐकतो. मोटार वाहन कायद्याप्रमाणे दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी राहिली, तर तिथं नव्यानं नोंद करावी लागते. पोलिसांनी अडवलं तर काय, ही भीती त्यातली लहान. मोठी गोष्ट वेगळी आहे. एमएच ठेवायची म्हणून बरीच जण गाडी आपल्या नावावर करतच नाहीत. कागलच्या मेव्हण्याच्या किंवा चंदगडच्या भाच्याच्या नावावर ठेवतात. उद्या अपघात झाला तर भरपाईचा दावा त्या मेव्हण्यावर जातो. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक आणि तोच जबाबदार. गाडी विकली होती, ताबा दिला होता, हे म्हणणं चालत नाही. आणि तुमच्या गाडीचं नुकसान झालं तर विमा कंपनी तुम्हाला ओळखतच नाही. गाडी तुम्ही चालवायची, हप्ते तुम्ही फेडायचे आणि कागदावर तुम्ही कुणीच नाही, ही व्यवस्था पाहुण्यांमधलं नातंही बिघडवते. अशी दोन घरं मी जवळून बघितली आहेत. तुमचं खरं राहणं चंदगडला असेल तर गोष्ट वेगळी, तिथल्या माणसानं एमएचच घ्यावी. जांबोटीच्या माणसानं नाही.

एमएच, गोवा यांच्या जोडीला यार्डात कधीकधी दिल्लीची गाडीही दिसते. दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आली, म्हणून त्या दक्षिणेकडे स्वस्तात येतात. टॅक्सचं गणित तेच. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आपल्या गावात असल्यानं बीएच नंबरच्या, म्हणजे सगळ्या राज्यांत चालणाऱ्या 'भारत' नोंदणीच्या गाड्याही विकायला येतात. या गाड्या बहुतेक जपून वापरलेल्या असतात आणि जवान माणूस खोटं सहसा बोलत नाही. पण बीएचचा टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरलेला असतो. खासगी नोकरीतल्या माणसाची कंपनी चार किंवा जास्त राज्यांत नसेल तर त्याला बीएच नंबर ठेवता येत नाही. तुमचं तसंच असेल तर केए करून टॅक्स भरावा लागेल. तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागा.

आता नव्या गाडीचं. तुमच्या साडेपाच लाखांच्या कर्जाला ९ टक्क्यांनी सात वर्षं धरली तर हप्ता ८,८५० च्या आसपास बसतो. एकूण ७ लाख ४३ हजार भरता, त्यातलं व्याज १ लाख ९३ हजार. हातातले ३ लाख मिळवले की गाडी तुम्हाला साडेदहा लाखांना पडते. सात वर्षांनी तिचे ३ लाख आले असं समजू. वर्षाला लाखाच्या वर रुपये फक्त गाडी दारात उभी असल्याचे, पेट्रोल-सर्व्हिसिंग वेगळं.

तेच साडेचार लाखांची, चारेक वर्षं वापरलेली केए-२२ घेतली आणि पहिल्याच महिन्यात टायर, बॅटरी, ब्रेक, बेल्ट, सगळी ऑइलं यांवर ५० हजार खर्च करायचे ठरवून बाजूला काढले, तर ५ लाख होतात. २ लाखांचं कर्ज. जुन्या गाडीला व्याज जास्त लागतं, १३ टक्के धरू. तीन वर्षांत व्याज जातं ४२-४३ हजार. पाच वर्षांनी ती गाडी २ लाखांना विकली, तर वर्षाचा खर्च ७० हजारांच्या आत येतो. त्यात जुनी म्हणून दुरुस्तीचे वर्षाला १०-१२ हजार वाढवा, तरी नव्यापेक्षा २५ हजार कमी. आणि तीन वर्षांनंतर हप्ता नाही. आईच्या औषधपाण्याच्या घरात हप्ता लवकर संपणं याला मी फार किंमत देतो. नोकरी गेली, फाउंड्रीत ले-ऑफ लागला, तर पहिल्या दोन-तीन वर्षांत गाडी विकून कर्ज फिटलं तरी तुम्ही घातलेल्या ३ लाखांतले निम्म्याच्या वर बुडालेले असतात. कारण नव्या गाडीची किंमत कशी उतरते ते विमा कंपनीच्या तक्त्यातच आहे: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षाला १५, दोन वर्षांना २०, तीनला ३०, चारला ४०, पाचला ५०. आणि हे शोरूमच्या किमतीवर. टॅक्स आणि विम्याला घातलेले पैसे कुणी परत देत नाही.

नव्या गाडीच्या बाजूनं एक गोष्ट मात्र बदलली आहे, ती लपवणार नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. आधी २८ टक्के आणि वर सेस होता. नव्या गाड्या उतरल्या, पण यार्डवाले कितीतरी दिवस जुन्याच भावाचं बोलत होते, काही अजून बोलतात. म्हणून जुनी ठरवण्याआधी त्याच मॉडेलच्या नव्या गाडीची आजची किंमत शोरूममध्ये जाऊन लिहून आणा. एक-दोन वर्षांची जुनी गाडी नव्यापेक्षा फक्त २० टक्क्यांनी स्वस्त मिळत असेल तर ती घेऊ नका, नवीच घ्या. जुन्याचा फायदा तीन ते सहा वर्षांच्या गाडीत असतो.

नवी घ्या असं मी कुणाला सांगतो? जो वरचेवर चोर्ल्यातून गोव्याला ये-जा करतो, वर्षाला १५-२० हजार किलोमीटर चालवतो आणि गाडी दहा-बारा वर्षं ठेवणार आहे, त्याला. ज्याच्याकडे निम्म्याच्या वर रोख आहे त्याला. नवरा लांब पोस्टिंगवर आणि बायको गावात एकटी गाडी चालवणार, जवळ गॅरेज नाही, अशा घराला तर नक्की. तिथं वॉरंटी आणि रस्त्यात मदतीला येणारी गाडी यांची किंमत पैशात होत नाही. तुमचं चालणं वर्षाला ७ हजार किलोमीटरच्या वर जाईल असं दिसत नाही.

त्याच ७ हजारांमुळे डिझेलही तुमच्यासाठी नाही. किलोमीटरमागे दोन रुपयांच्या आतबाहेर वाचतील, वर्षाचे १४ हजार. इंजेक्टर, टर्बो, फ्लायव्हीलसकट क्लच यातलं एक काम निघालं की दोन-तीन वर्षांची ही बचत एका दिवसात गेली. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या कडक नियमांतल्या) डिझेलला तर सायलेन्सरच्या वाटेत काजळी धरणारा फिल्टर असतो. तो स्वच्छ व्हायला गाडी हायवेवर सलग पळावी लागते. शहापूर ते टिळकवाडी एवढंच चालणाऱ्या गाडीत तो तुंबतो, दिवा लागतो, पिकअप जातो. माझ्याकडे अशा गाड्या पावसाळ्यात जास्त येतात. त्या मालकांनी डिझेल घेतलं ते हौसेनं, गरजेनं नव्हे.

जुलै २०१९ ची अट का घालतो, तेही सांगतो. १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या गाडीत चालकाची एअरबॅग, सीटबेल्टची सूचना देणारा आवाज आणि मागचा पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. एबीएस ब्रेकही, म्हणजे जोरात दाबले तरी चाकं जाम न होऊ देणारे, त्याच वर्षापासून. पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग २०२२ पासून सगळ्या गाड्यांत आल्या. म्हणून २०२२ ची मिळाली तर उत्तम. तुमची आई पुढच्या सीटवर बसणार आहे. कणकुंबीच्या पावसात, धुक्यात, समोरून येणाऱ्या ट्रकच्या उजेडात एबीएस असलेली आणि नसलेली गाडी यांत काय फरक पडतो, हे ब्रेक दाबल्यावर कळतं. २०१७ ची वरच्या मॉडेलची गाडी कमी पैशात मिळते, म्युझिक सिस्टीम मोठी असते, अलॉय व्हील असतात. त्याला भुलू नका. कोल्हापूरची ती गाडी मार्चची आहे, म्हणजे त्या तारखेच्या आधीची. तिच्यात यातलं काय आहे ते यार्डवाल्याला विचारलंत का?

पेट्रोलबद्दल एक बारीक गोष्ट. आता पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं इथेनॉल त्यात असतं. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत इंधनाला लागणारे रबर-प्लास्टिकचे भाग ते सोसतील असे आहेत. त्याआधीच्या गाडीत इंधनाचे पाइप आणि पंपाजवळचे जोड बघून घ्यावेत. कडक झालेला, चिरलेला पाइप बदलायला फार पैसे लागत नाहीत. यासाठी गाडी नाकारायची गरज नाही.

आता गाडी बघायची कशी. यादी देत बसत नाही. मी स्वतः सगळ्यात आधी काय करतो ते सांगतो. डिकी उघडून स्टेपनी बाहेर काढतो आणि त्या खळग्याच्या कडेला, जिथं धुणाऱ्याचा हात पोचत नाही तिथं, बोट फिरवतो. बोटाला जी माती लागते ती गाडीचा पत्ता सांगते. लाल आली तर गाडी खानापूर, चंदगड किंवा गोव्याकडे चाललेली. काळी चिकट आली तर अथणी, बैलहोंगलकडची. आणि पिठासारखी बारीक, करड्या रंगाची, वाळून पापुद्रे सुटणारी आली, तर मी मालकाकडे बघतो. तो नदीचा गाळ असतो.

ऑगस्ट २०१९ चा पूर आपण सगळ्यांनी बघितला. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा, सगळ्याच सुटल्या होत्या. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच, कोल्हापूरजवळ हायवे बंद. पाण्यात बुडालेल्या गाड्या पुढं कुठं गेल्या? बऱ्याच मोडीत गेल्या, काही धुऊन, वाळवून, अत्तर मारून विकल्या गेल्या. माझ्या मावसभावानं त्या वर्षीच्या दिवाळीत एका यार्डातून अशीच एक घेतली, मला न दाखवता. पाडव्याला दारात आणली, पेढे दिले. महिनाभरानं चालत्या गाडीची डाव्या बाजूची काच आपोआप खाली यायला लागली. मग एअरबॅगचा दिवा लागला तो विझेना. गाडी माझ्याकडे आली तेव्हा मी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. रोज आपण ओढतो तेवढा पट्टा स्वच्छ होता. त्याच्या पुढचा हातभर, जो कायम गुंडाळीत राहतो, त्यावर तपकिरी रेघ होती. सीटखालचं कार्पेट उचललं तर वायरिंगचे जोड हिरवे पडलेले. भाऊ शेजारीच उभा होता, काही बोलला नाही. मुलीच्या लग्नाआधी हाताशी गाडी असावी म्हणून त्यानं ती घेतली होती. कंट्रोल युनिट, वायरिंग, दोन मोटरी बदलून आम्ही ती चालती ठेवली, पण त्या खर्चात भर घालून चांगली गाडी आली असती. तेव्हापासून मी कुणाचीही गाडी बघताना आधी पट्टा ओढतो. तुम्हीही ओढा. त्याला मेकॅनिक लागत नाही, एक मिनिट लागतं.

गोव्याच्या गाडीचं दुखणं वेगळं. समुद्राच्या हवेनं गंज खालून चढतो. दरवाज्यांच्या खालच्या कडेला नख लावून बघा, ब्रेकचे लोखंडी पाइप बघा. गोव्यात भाड्यानं चालवायला देतात त्या गाड्यांची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. अशी गाडी खासगी करून विकायला आली तर आरसीच्या (नोंदणीच्या कागदाच्या) नोंदीत तो इतिहास दिसतो. दर आठवड्याला नव्या माणसाच्या हातात गेलेला क्लच आणि गिअर विकत घेण्यात अर्थ नाही.

ठोकलेली गाडी ओळखायला बॉनेट उघडा आणि पुढच्या मडगार्डांचे बोल्ट बघा. कंपनीतून आलेल्या बोल्टावर रंग सलग असतो. पाना लागला की कडेचा रंग उडतो. काचांच्या कोपऱ्यात छोटे आकडे असतात. सगळ्या काचा एकाच काळातल्या असाव्यात, एकच वेगळी असेल तर का ते विचारा. बंपर आणि दरवाजा टचअप केलेला असणं हे पाप नाही, आपल्या खडेबाजारातून जाणाऱ्या गाडीला ओरखडे येणारच. पिलर आणि चेसिसला हात लागलेला नसावा.

मीटरवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. ३५ हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचं क्लच पेडलचं रबर गुळगुळीत होत नाही आणि स्टिअरिंग चकाकत नाही. टायरवर चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. चार वर्षांच्या, '२५ हजार रनिंग'च्या गाडीला वर्षभरापूर्वीचे चारही नवे टायर असतील तर आकडा खोटा असण्याची शक्यता मोठी. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मालकाला सोबत घेऊन जा आणि सगळ्या सर्व्हिसची नोंद काढून घ्या. खरा मालक याला नाही म्हणत नाही.

चालवून बघायची ती कॅम्पातल्या गुळगुळीत रस्त्यावर नको. वंटमुरीच्या घाटापर्यंत न्या. चढाला तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबा. इंजिनचा आवाज वाढला आणि वेग वाढला नाही तर क्लच गेला. उतरताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडा आणि मग एकदम दाबा, आरशात धूर बघा. निळा दिसला तर ऑइल जळतंय. परत येऊन, इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडा. तिथून धूर फसफसत येत असेल तर नमस्कार करून निघा. मग तुमच्या गावच्या कच्च्या रस्त्यावरून दहाच्या वेगानं आणा, काचा बंद, गाणी बंद. खालून टकटक आली तर चाकांजवळचे जोड: लोअर आर्म, लिंक, बुश. ही पाच-आठ हजारांची कामं आहेत. यावर भाव पाडा, गाडी सोडू नका.

कागदांचं. पैसे देण्याआधी परिवहनच्या अ‍ॅपवर नंबर टाका: कितवा मालक, विमा कधीपर्यंत, बँकेचा बोजा आहे का. आपल्याकडे पतसंस्थांची कर्जं पुष्कळ. कर्ज फिटून दोन वर्षं झालेली असतात, पण आरसीवरचा बोजा तसाच असतो. बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि संस्थेचं पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. दंडाची चलनं दोन्ही राज्यांची बघा. निपाणीपलीकडे कोगनोळी नाका ओलांडून रोज कोल्हापूरला जाणाऱ्या गाडीवर महाराष्ट्राची चलनं साठलेली असतात. यार्डातून घेत असाल तर १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, ते दाखवा म्हणा. नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या मालकाच्या समोर. आरटीओचा कागद कन्नडमध्ये आला आणि वाचता येत नसेल तर लाजू नका, शेजारच्या कन्नड शिकलेल्या पोराकडून ओळ न् ओळ वाचून घ्या. एजंट 'काही नाही, सही करा' म्हणतो, तिथंच थांबायचं असतं.

विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. मालक सांगेल की ५० टक्के नो क्लेम बोनस (दावा न केल्याची सूट) आहे, स्वस्तात बसेल. तो बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. नावावर होताना फरकाची रक्कम तुम्हाला भरावी लागेल.

गाडी शोधायची कुठं? माझा अनुभव असा की चांगल्या जुन्या गाड्या यार्डात पोचतच नाहीत, त्या आधीच ओळखीत जातात. निवृत्तीला आलेले शिक्षक, बँकेतले लोक, मुलगा बंगळूरला गेलाय आणि गाडी दारात उभी आहे अशी घरं. कारखान्यात सांगून ठेवा, गावच्या सोसायटीत सांगा, तुमच्या भागातल्या दोन गॅरेजवाल्यांना सांगा. महिना-दोन महिने लागतील. तोवर दवाखान्याला भाड्याची गाडी करा. महिन्याच्या दोन फेऱ्यांचं भाडं घाईत घेतलेल्या गाडीपेक्षा स्वस्त पडेल.

मिळाली की आरसीचा फोटो आणि सर्व्हिसची नोंद आधी माझ्याकडे पाठवा, मी बघून सांगतो. आणि मालकाला आदल्या रात्री फोन करून एवढंच सांगा, की आम्ही सकाळी सातला येतोय, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर गाडी आधीच चालू करून थंड इंजिनचं दुखणं लपवलं असेल; त्या दिवशी गाडी बघू नका, दुसऱ्या दिवशी परत जा.